आठ टीबीची स्वस्त हार्ड डिस्क घ्यावी का?

प्रश्न: मी चिपळूणला राहतो. रायझन ५ ५६०० आणि आरटीएक्स ३०६० असलेला पीसी आहे. त्यात ५०० जीबीची एकच एनव्हीएमई एसएसडी आहे आणि ती कायम भरलेली असते. नवा गेम टाकायचा म्हणजे दोन जुने उडवायचे, ते पुन्हा हवे झाले की पुन्हा डाउनलोड. इंटरनेट १०० एमबीपीएसचं आहे, धाकटा भाऊही त्यावरच असतो. म्हणून गेम साठवायला मोठी हार्ड डिस्क घ्यायची आहे. दुकानदार म्हणतो सीगेट बाराकुडा ८ टीबी घ्या, टीबीमागे सर्वांत स्वस्त. सीसीटीव्ही बसवणारा मित्र म्हणतो सर्व्हेलन्सची घे. ऑनलाइन १६ टीबीची एक्स्टर्नल एसएसडी १,९९९ रुपयांना दिसते. पावसात आमच्याकडे लाईट फार जाते. काय घेऊ?

सप्रेम नमस्कार,

सर्वांत आधी ती १,९९९ रुपयांची १६ टीबी एसएसडी मनातून काढून टाका. तेवढ्या किमतीत १६ टीबीच्या फ्लॅश चिप येतच नाहीत. अशा डब्या उघडल्या की आत बहुतेक वेळा एखादं छोटं मेमरी कार्ड निघतं, आणि त्याच्या कंट्रोलरला खोटी क्षमता सांगायला शिकवलेलं असतं. विंडोजमध्ये १६ टीबी दिसतात, फाइली कॉपीही होतात. पण खरी जागा संपली की पुढचा डेटा जुन्यावरच लिहिला जातो किंवा हवेत जातो. फोल्डर दिसतं, गेम उघडत नाही. कुणी आधीच घेऊन बसलं असेल तर एचटूटेस्टडब्ल्यू हे छोटं मोफत साधन पूर्ण डिस्क भरून, परत वाचून खरी जागा किती ते सांगतं.

आता दुकानदाराच्या डिस्कबद्दल. ती खोटी नाही, पण तुमच्या कामाची नाही. कारण समजून घ्या, म्हणजे दुकानात दुसरं कुठलंही मॉडेल पुढे आलं तरी तुमचं तुम्हाला ठरवता येईल.

हार्ड डिस्कमध्ये डेटा लिहायच्या दोन पद्धती आहेत. सीएमआरमध्ये पट्टे एकमेकांशेजारी, मधे थोडी जागा सोडून असतात. एसएमआरमध्ये ते कौलारू छपरावरच्या कौलांसारखे एकावर एक थोडे चढवलेले असतात. तेवढ्याच तबकडीत जास्त डेटा मावतो, म्हणून डिस्क स्वस्त पडते. पण कोकणातल्या माणसाला कौलांचं वेगळं सांगायला नको: मधलं एक फुटलेलं कौल बदलायचं तर त्यावर चढलेली बाजूची कौलंही उचलावी लागतात. एसएमआर डिस्कचं अगदी तसंच आहे. एक छोटा तुकडा बदलायचा तर त्याच्यापुढचा पट्ट्यांचा पूर्ण गट वाचून पुन्हा लिहावा लागतो. हे लपवायला डिस्कवर थोडी जागा साध्या पद्धतीची ठेवलेली असते. नवा डेटा आधी तिथे उतरतो आणि डिस्क रिकामी बसली की मागे सावकाश जागच्या जागी लावला जातो. ती जागा भरली की वेग कोसळतो. १५० एमबीच्या वेगाने चाललेली कॉपी अचानक २०-३० वर येते, कधी काही सेकंद शून्यावर थांबते. माणसाला वाटतं डिस्क बिघडली. ती बिघडलेली नसते, कौलं चढवत असते.

दुकानदार सांगतो ती ८ टीबीची बाराकुडा, मॉडेल क्रमांक एसटी८०००डीएम००४, एसएमआर आहे. ४ टीबीची एसटी४०००डीएम००४ सुद्धा. एकदा भरली आणि नंतर फक्त वाचली, तर एसएमआर डिस्क वाईट नाही. लग्नाचे व्हिडिओ, जुने फोटो यांना ती चालते. गेमचं तसं नसतं. स्टीमवर, म्हणजे गेम विकत घेऊन उतरवायच्या ॲपवर, एखाद्या गेमला २ जीबीचं अपडेट येतं, पण ते ६० जीबीच्या एका भल्यामोठ्या फाइलमध्ये ठिकठिकाणी बदल करतं. स्टीम अशा वेळी जुनी फाइल वाचून नवी बांधतं. डाउनलोड तीन मिनिटांत होतं आणि डिस्कवरचं काम अर्धा-पाऊण तास चालतं. एसएमआरवर हाच प्रकार आणखी लांबतो.

नावावरून मात्र ओळखू जाऊ नका, तिथेच लोक फसतात. डब्ल्यूडी ब्लूमध्ये ८ टीबीची डिस्क सीएमआर आहे आणि ४ टीबीची नवी एसएमआर. २०२० च्या एप्रिलमध्ये डब्ल्यूडी रेड या नॅससाठी (घरच्या नेटवर्कवर सतत चालू राहणाऱ्या साठवणपेटीसाठी) विकल्या जाणाऱ्या मालिकेतल्या २ ते ६ टीबीच्या डिस्क न सांगता एसएमआर केल्याचं उघड झालं; त्यानंतर कंपनीने सीएमआर डिस्कना रेड प्लस असं वेगळं नाव दिलं. कॅश, म्हणजे डिस्कची तात्पुरती मेमरी, मोठी म्हणजे डिस्क चांगली, हाही गैरसमज आहे. २ ते ६ टीबीच्या साध्या डिस्कवर २५६ एमबी कॅश दिसली तर उलट शंका घ्या, कारण एसएमआरची उणीव झाकायला मोठी कॅश लागते. खात्रीचा मार्ग एकच: खोक्यावरचा पूर्ण मॉडेल क्रमांक घ्या, कंपनीच्या संकेतस्थळावर त्याचं माहितीपत्रक उघडा आणि 'रेकॉर्डिंग टेक्नॉलॉजी' या ओळीत सीएमआर लिहिलंय का ते बघा. दुकानदाराला "सीएमआर आहे ना?" एवढंच विचारून भागत नाही, बिलावर मॉडेल क्रमांक लिहून घ्या.

तुमच्यासाठी आमची निवड ४ टीबीची, साडेतीन इंची, सीएमआर डिस्क. सीगेट आयर्नवुल्फ, डब्ल्यूडी रेड प्लस, तोशिबा एन३०० यांपैकी जी तुमच्याकडे वॉरंटीसह मिळेल ती. या नॅससाठीच्या डिस्क आहेत, पण पीसीत बिनतक्रार चालतात. यांतली एन३००, तसंच डब्ल्यूडी ब्लॅक आणि तोशिबा एक्स३०० या मिनिटाला ७२०० फेऱ्यांच्या, थोड्या वेगवान आणि थोड्या आवाजी. साठवणीसाठी ५४०० फेऱ्यांची पुरेशी आहे, गार राहते आणि रात्री शेजारी झोपलेल्याला त्रास होत नाही.

मित्राचा सल्ला चुकीचा नाही. डब्ल्यूडी पर्पल किंवा सीगेट स्कायहॉक या डिस्क रात्रंदिवस रेकॉर्डिंगसाठी बनवलेल्या असतात. कॅमेऱ्याच्या रेकॉर्डरकडून खास आज्ञा आल्या तरच त्या वेगळ्या वागतात. पीसीत त्या साध्या डिस्कच. लहान गावात सीसीटीव्हीवाल्यांमुळे याच डिस्क सर्वांत सहज मिळतात हा त्यांचा मोठा फायदा. माहितीपत्रकात सीएमआर दिसत असेल आणि भाव बरा असेल तर खुशाल घ्या.

आता या खरेदीतला सर्वांत महत्त्वाचा मुद्दा. ही डिस्क गेम साठवायला आहे, सगळे गेम तिच्यावरून खेळायला नाही. ७२०० फेऱ्यांच्या डिस्कला एक फेरी घ्यायला ८.३ मिलिसेकंद लागतात. हवा तो तुकडा डेटा वाचणाऱ्या डोक्याखाली (हेडखाली) यायला सरासरी त्याच्या निम्मा वेळ, शिवाय डोकं योग्य पट्ट्यावर सरकायला आठ-नऊ मिलिसेकंद. म्हणजे इकडे-तिकडे विखुरलेले तुकडे ती सेकंदाला जेमतेम ७५ ते १०० वाचते. एनव्हीएमई एसएसडी हेच काम सेकंदाला हजारोंनी करते. सलग मोठी फाइल असेल तेव्हा हार्ड डिस्क १५० ते २०० एमबीचा वेग देते आणि तिथे तिची काही तक्रार नसते. पण आजचे मोठे गेम तुम्ही गाडी चालवत असताना रस्ते, इमारती, आवाज असे हजारो तुकडे सतत मागत राहतात. हार्ड डिस्कवर मग रस्ता उशिरा उमटतो, भिंतीवर धुरकट चित्र दिसतं, वळणावर अर्धा सेकंद गेम अडखळतो. ग्राफिक्स कार्ड कितीही चांगलं असलं तरी हे जात नाही.

म्हणूनच बाल्डर्स गेट ३, स्टारफिल्ड, ॲलन वेक २ यांनी किमान गरजांमध्येच एसएसडी लिहिली आहे आणि सायबरपंक २०७७ ने २०२३ मध्ये तशी अट घातली. हे गेम हार्ड डिस्कवर ठेवा, पण खेळायच्या आधी एसएसडीवर आणा. उलट जीटीए ५ सारखा हार्ड डिस्कच्या काळातला गेम, द्विमितीय छोटे गेम, जुने रणनीतीचे गेम, एम्युलेटरवरचे गेम थेट हार्ड डिस्कवरून चालवा. सुरुवातीचं लोडिंग लांबेल, पुढे फारसा फरक पडत नाही.

काही कंपन्या हार्ड डिस्कवाल्यांसाठी एकच फाइल गेममध्ये ठिकठिकाणी पुन्हा ठेवतात, म्हणजे डोक्याला फार धावावं लागू नये. हेलडायव्हर्स २ याच कारणाने पीसीवर सुमारे १५४ जीबीचा झाला होता. २०२५ च्या डिसेंबरमध्ये त्याच्या निर्मात्यांनी ही पुनरावृत्ती काढली तेव्हा तो २३ जीबीवर आला, आणि हार्ड डिस्कवरचं लोडिंगही फारसं लांबलं नाही, कारण बराच वेळ नकाशा तयार करण्यात जात होता. तेव्हा एखाद्या गेमने जागा खाल्ली म्हणून तो कायम तेवढाच राहील असं धरू नका. मोठ्या अपडेटनंतर आकार पुन्हा बघा.

मग साठवणीचा फायदा किती? १०० एमबीपीएसवर सेकंदाला साडेबारा एमबी येतात. १५० जीबीचा रेड डेड रिडेम्प्शन २ उतरवायला, दुसरं कुणी इंटरनेट वापरत नसेल तर, ३ तास २० मिनिटं. तोच हार्ड डिस्कवरून एसएसडीवर आणायला वीस-पंचवीस मिनिटं. जेवण उरकेपर्यंत गेम तयार, भावाचा खेळही अडखळत नाही आणि महिन्याच्या डेटा मर्यादेलाही धक्का नाही.

क्षमतेचा हिशेब सरळ आहे. ४ टीबी विंडोजमध्ये ३.६३ दिसतात; कंपनी हजाराने मोजते, विंडोज १०२४ ने, कुणी काही चोरलेलं नसतं. त्यातली दहा-पंधरा टक्के जागा मोकळी ठेवा, नाहीतर अपडेटला नवी फाइल बांधायला जागा उरत नाही आणि तुकडे विखुरतात. उरले साधारण ३.२. सरासरी शंभर जीबीचा गेम धरला तरी तीसेक मोठे गेम. दोघा भावांना हे पुरेसं आहे. ८ टीबीला जाणारे जादा पैसे बाजूला ठेवा आणि पुढच्या खेपेला १ टीबीची एनव्हीएमई घ्या, कारण तुमची खरी अडचण ५०० जीबीच्या खेळायच्या जागेत आहे. आज मात्र एकच घेता येत असेल तर आधी हार्ड डिस्क घ्या. विंडोज वगैरे सोडून तुमच्या एसएसडीवर साडेतीनशे जीबी राहतात, दोन-तीन मोठे गेम त्यात नीट खेळता येतात.

एक्स्टर्नल नको, आत बसवायची घ्या. अडीच इंची पोर्टेबल डिस्क २ टीबीपासून पुढे जवळजवळ सगळ्या एसएमआर असतात, आणि खेळताना केबलला धक्का लागला की गेम तिथेच बंद. लॅपटॉपवाल्या वाचकांना दुसरा इलाज नसतो. त्यांनी ॲडॉप्टरवर चालणारी साडेतीन इंची डेस्कटॉप डिस्क टेबलावर न हलेल अशी ठेवावी. पीएस५ असणाऱ्यांनी लक्षात ठेवा, त्यावर ८ टीबीपर्यंतची यूएसबी डिस्क चालते, पण पीएस५ चे गेम तिथे फक्त ठेवता येतात. खेळायला आतल्या एसएसडीवरच आणावे लागतात.

घेण्याआधी कॅबिनेट उघडून बघा: साडेतीन इंची जागा आहे का, बोर्डावर सॅटा पोर्ट मोकळा आहे का, एसएमपीएसची (पीसीला वीज पुरवणाऱ्या पेटीची) सॅटा वीजवायर तिथपर्यंत पोचते का. काही बोर्डांवर दुसऱ्या एम.टू खाचेत एसएसडी बसवली की सॅटाचे एक-दोन पोर्ट आपोआप बंद होतात. पुढे एनव्हीएमई घेणार असाल तर मॅन्युअलमधलं ते पान आजच वाचा आणि डिस्क बंद न पडणाऱ्या पोर्टला लावा. सॅटा वीजवायर कमी पडली म्हणून जुन्या चार पिनी मोलेक्सवरून सॅटा करणारा स्वस्त, एकसंध प्लास्टिक ओतलेला जोड लावू नका. त्यातल्या तारा आत एकमेकींना टेकून जळाल्याच्या घटना आहेत. साडेतीन इंची डिस्कला जाड आट्यांचे ६-३२ स्क्रू लागतात. एसएसडीचे बारीक एम३ स्क्रू त्यात ढिले बसतात आणि डिस्क थरथरते. शक्यतो समोरच्या पंख्याच्या वाऱ्यात बसवा. खेळताना तापमान ४५ अंशांखाली राहिलं तर उत्तम.

डिस्क घरी आली की पहिल्या दिवशी तिच्यावर गेम टाकू नका, आधी तपासा. सीरियल क्रमांक कंपनीच्या वॉरंटी पानावर टाका. वॉरंटी भारतातली आहे का आणि तारीख खरेदीशी जुळते का ते बघा. संगणक बनवणाऱ्यांना घाऊक दिलेल्या किंवा बाहेरून आणलेल्या डिस्कवर इथे काहीच मिळत नाही. मग क्रिस्टलडिस्कइन्फो हे डिस्कची तब्येत दाखवणारं मोफत साधन उघडा. 'पॉवर ऑन अवर्स' शून्य किंवा एक-दोन असायला हवेत. ०५, सी५ आणि सी६ या खराब तुकडे मोजणाऱ्या तीन ओळींचे मूळ आकडे शून्यच हवेत. सी७ वाढताना दिसला तर डिस्क नव्हे, केबल बदला. तास शून्य दिसले तरी निर्धास्त होऊ नका. २०२५ च्या सुरुवातीला जर्मनीत हजारो तास वापरलेल्या सीगेट डिस्क आकडे पुसून नव्या म्हणून विकल्या गेल्याचं उघड झालं. त्या पकडल्या गेल्या फार्म या वेगळ्या नोंदीवरून. स्मार्टमॉनटूल्स या मोफत साधनाने ती सीगेट डिस्कवर वाचता येते. त्यातले तास आणि वरचे तास जुळायला हवेत.

मग डिस्क मॅनेजमेंटमध्ये जा. विचारलं की जीपीटी निवडा. एमबीआर निवडलंत तर २ टीबीच्या पुढची जागा वापरताच येणार नाही. एकच विभाग करा, फाइल पद्धत एनटीएफएस, क्लस्टरचा आकार आहे तोच राहू द्या. 'क्विक फॉरमॅट'ची खूण मात्र काढा. पूर्ण फॉरमॅटला ४ टीबीला सात-आठ तास लागतील, रात्री लावून झोपा. यात डिस्कचा प्रत्येक कोपरा लिहून बघितला जातो. सकाळी पुन्हा ०५, सी५, सी६ बघा. एकही आकडा हलला असेल तर त्याच दिवशी दुकानात परत करा, वॉरंटीत दुरुस्त होऊन आलेली डिस्क घेण्यापेक्षा दुकानाकडून नवी बदलून मिळणं केव्हाही चांगलं.

स्टीममध्ये सेटिंग्जमधल्या स्टोरेजमध्ये जाऊन नवी डिस्क जोडा. तिथेच गेमवर खूण करून 'मूव्ह' केलं की इकडून तिकडे जातो, हाताने फोल्डर कापून नेण्याची गरज नाही. हार्ड डिस्कवर ठेवलेल्या प्रत्येक गेमच्या प्रॉपर्टीजमध्ये अपडेटचा पर्याय 'गेम सुरू करताना' असा ठेवा, नाहीतर न खेळणाऱ्या वीस गेमची अपडेटं दिवसभर डिस्क घासत राहतील. एक्सबॉक्स ॲपमधले गेम विंडोजच्या त्या स्थापनेशी बांधलेले असतात. विंडोज नव्याने टाकलं की ते फोल्डर नीट ओळखले जातीलच असं नाही. गॉगवरून घेतलेल्या गेमचे इन्स्टॉलर मात्र उतरवून ठेवा, ते इंटरनेटशिवाय कधीही चालतात.

विंडोज २० मिनिटं न वापरलेली हार्ड डिस्क फिरायची थांबवतं. खेळता खेळता गेमने त्या डिस्कवरून काही मागितलं की ती पुन्हा वेग घेईपर्यंत पाच-दहा सेकंद सगळं गोठतं. पॉवर ऑप्शन्सच्या ॲडव्हान्स्ड सेटिंग्जमध्ये 'टर्न ऑफ हार्ड डिस्क आफ्टर' शून्य करा.

लाईटचं म्हणाल तर, वीज गेली की आजची डिस्क स्वतःच्या फिरण्यातूनच वीज काढून डोकं बाजूला नेते, त्यामुळे तबकडीवर ओरखडा सहसा पडत नाही. नुकसान होतं ते त्या क्षणी लिहिल्या जाणाऱ्या फाइलचं. गेम हलवताना वीज गेली तर आधी स्टीममधून फाइल तपासणी चालवा. तुटलेले तुकडेच पुन्हा उतरतात, पूर्ण गेम नाही. घरी इन्व्हर्टर असेल तर त्यावरचं बटण यूपीएस मोडला आहे का बघा, साध्या मोडला पीसी बंद पडतो. यूपीएस घेणार असाल तर तुमच्या पीसीला ६०० व्हीए काठावर पडेल. १००० व्हीए, म्हणजे साधारण ६०० वॉटचा घ्या आणि मॉनिटरही त्यावरच लावा, नाहीतर वीज गेल्यावर गेम सेव्ह कुठे करायचा तेच दिसणार नाही.

आणि सेव्हवरूनच एक: तुमची प्रगती बहुतेक वेळा गेमच्या फोल्डरमध्ये नसतेच. ती सी ड्राइव्हवरच्या डॉक्युमेंट्स किंवा ॲपडेटामध्ये असते. सगळे गेम ४ टीबीवर सुरक्षित आहेत म्हणून निर्धास्तपणे विंडोज नव्याने टाकणाऱ्यांचे शंभर-शंभर तास असेच गेलेत. ज्या गेमला स्टीम क्लाउडची खूण नाही त्याचं सेव्ह फोल्डर शोधा, महिन्यातून एकदा या नव्या डिस्कवर कॉपी करा, आणि एक प्रत पेन ड्राइव्हवर ठेवा. ती सगळी मिळून सहसा एक-दोन जीबीच्या पुढे जात नाहीत.